घरातील बंदूक, मुलाचा ताबा आणि रुग्णालयाची नोंद

दरवर्षी अहवालाच्या या पानांत एखाद्या रोगाची वा उपचारपद्धतीची माहिती देण्याचा आपला प्रघात आहे. यंदाचा विषय पाहून काही दात्यांना नवल वाटेल. बंदूक हा पोलिसांचा विषय आणि मुलाचा ताबा हा न्यायालयाचा. धर्मादाय रुग्णालयाने त्यात का पडावे, असा प्रश्न विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही उपस्थित झाला होता. त्याचे उत्तर आमच्याच दप्तरातील एका केसपेपरात आहे, म्हणून तेथूनच आरंभ करतो. संबंधितांची ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील बदलले आहेत.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात सात वर्षांच्या एका मुलास अपघात विभागात आणण्यात आले. उजव्या हातात कोपराखाली छर्रे घुसले होते. वडील मुंबईस नोकरीला, आई बेबनावामुळे माहेरी, आणि मूल सुटीसाठी गावी आजोबांकडे आलेले. रानडुकरांपासून शेती राखण्यासाठी आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, रीतसर परवान्याची. शल्यचिकित्सकांनी छर्रे काढले, हात वाचला, नियमानुसार पोलिसांस खबरही देण्यात आली. केसपेपरावर मात्र घटनेविषयी एकच ओळ लिहिली गेली : ‘खेळताना बंदुकीचा बार लागून इजा.’

घरी सोडण्याच्या दिवशी आई आणि वडील दोघेही बिलाच्या खिडकीपाशी उभे होते आणि मूल आपणच नेणार असे दोघांचेही म्हणणे होते. बिल वडिलांच्या नावे निघाले होते, भरणाही त्यांनीच केला. आम्ही पावती आणि मूल दोन्ही त्यांच्या स्वाधीन केले. हिशेबाच्या दृष्टीने ते बिनचूक होते. वडील नैसर्गिक पालक असल्याने कायद्याच्या दृष्टीनेही त्यात काही गैर नव्हते. परंतु ते मूल त्याच संध्याकाळी त्याच घरी परत गेले, आणि ती बंदूक आता कोठे ठेवली आहे हे आमच्यापैकी एकानेही विचारले नव्हते.

पुढे सुमारे दीड वर्षाने ताब्याच्या दाव्यात आमचे कागद न्यायालयात मागवण्यात आले. डॉक्टरांना साक्षीत विचारले गेले की बंदूक कोठे होती, भरलेली होती काय, ‘खेळताना’ हे कोणी सांगितले, त्या वेळी घरात कोण होते. एकाही प्रश्नाचे उत्तर कागदावर नव्हते. एका बाजूच्या वकिलांनी त्या ओळीवरून मुलाचा अवखळपणा काढला, दुसऱ्या बाजूच्या वकिलांनी त्याच ओळीवरून घराची बेफिकिरी काढली. त्या मुलाच्या सुरक्षिततेचा विचार करू पाहणाऱ्या न्यायाधीशांना आमच्या कागदाचा काहीच उपयोग झाला नाही. निकाल काय लागला हा येथील विषय नव्हे.

आपल्या कोकणातील वाचकांना ठासणीची बंदूक सांगावयास नको. मात्र मुंबई-पुण्याच्या दात्यांसाठी थोडे विस्ताराने लिहितो, कारण अपघाताचे मूळ या बंदुकीच्या रचनेतच आहे. हिला काडतूस नसते. नळीच्या तोंडातून आधी दारू, तिच्यावर चिंधी वा काथ्याचा बोळा, मग छर्रे, असे सर्व गजाने ठासून भरावे लागते. मागच्या बाजूस एक नखाएवढी टोपी बसवतात. चाप ओढला की घोडा त्या टोपीवर आपटतो आणि ठिणगी आत जाते. भरणे जितके सोपे, तितके रिकामे करणे सोपे नाही. उडवून टाकणे हाच खरा मार्ग. आणि रात्री डुक्कर आले नाही म्हणून दारू फुकट घालवणे शेतकऱ्यास परवडत नाही. त्यामुळे टोपी तेवढी काढायची आणि भरलेली बंदूक माजघरात खुंटीला किंवा दाराआड ठेवून द्यायची, अशी घरोघरची रीत होऊन बसते. ‘टोपी काढली म्हणजे बंदूक मेली’ असे वडीलधारी माणसे मनापासून मानतात. टोप्यांची डबी मात्र बहुधा जवळच्याच कोनाड्यात असते, आणि आजोबांना दहा वेळा टोपी बसवताना पाहिलेल्या नातवाला ती बसवता येणार नाही असे मानण्यास काहीच आधार नाही.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमात पिकांच्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणजे ही बंदूक बाळगणारा शेतकरी गुन्हेगार नव्हे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. (ती परवान्याची आहे म्हणून वन्यप्राणी मारण्याची मुभा मिळते असे नाही, त्यासाठी वन विभागाची परवानगी वेगळी लागते, पण तो मुद्दा निराळा.) त्याच कायद्यानुसार २१ वर्षांखालील व्यक्तीस, नेमबाजीच्या प्रशिक्षणासारखा अपवाद सोडल्यास, शस्त्र बाळगता येत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याने सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण घेणे आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी देणे अपेक्षित आहे. ज्यांचे परवाने वाडवडिलांच्या काळापासूनचे आहेत, त्यांच्या कानावर ही हमी क्वचितच पडलेली असते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. परवानाधारक चाकरमानी मुंबईस आणि बंदूक गावच्या घरी म्हाताऱ्यांच्या हवाली, ही स्थिती आपल्याकडे सर्रास आढळते. परवान्यावर दुसऱ्या कोणाचे नाव रीतसर नोंदलेले नसेल, तर ती नियमबाह्य आहे. अशा घरात मूल सुटीला येते तेव्हा बंदुकीची जबाबदारी नेमकी कोणावर, हे घरातल्या कोणालाच ठाऊक नसते.

‘आमच्या मुलाला सांगून ठेवले आहे, तो हात लावणार नाही,’ हे वाक्य आमच्या समाजसेविकेने अनेकदा ऐकले आहे. ते खोटेपणाने कोणी म्हणत नाही. पण त्याची परीक्षा झालेली आहे. अमेरिकेतील अटलांटा येथे ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांना लहान लहान गटांनी एका खोलीत बसवून, तेथील खणांत खेळण्यातल्या पिस्तुलांबरोबर एक खरे, पण निकामी केलेले पिस्तूल ठेवण्यात आले होते. आरशाआडून निरीक्षण केले गेले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४८ मुलांना ते सापडले, ३० मुलांनी हाताळले आणि १६ जणांनी चाप ओढला. हाताळणाऱ्यांपैकी बहुतेकांना ‘बंदुकीला हात लावू नये’ हे आधी शिकवलेले होते. २००६ साली अमेरिकेच्याच अलाबामा राज्यातील ग्रामीण भागात पालकांना आणि मुलांना वेगवेगळे विचारले गेले. आपल्या मुलांना बंदुकीची जागा माहीत नाही असे सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांच्या मुलांनी ती माहीत असल्याचे सांगितले. आणि मुलाने बंदूक कधी हाताळलेली नाही असे म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्के पालकांना त्यांच्याच मुलांनी खोटे पाडले. ही तेथली आकडेवारी आहे, आपली नव्हे. पण माळ्यावर काय आहे ते मुलाला माहीत नसते, असे ज्यांना वाटते त्यांनी स्वतःचे बालपण आठवून पाहावे.

अमेरिकेचा उल्लेख केवळ अभ्यासापुरता नाही. आपल्या कित्येक दात्यांची मुले-नातवंडे तेथे आहेत, आणि सुनेच्या वा लेकीच्या बाळंतपणासाठी जाऊन आलेल्या एका आजींनीच हा विषय प्रथम आमच्या कानावर घातला. नातवाच्या नेहमीच्या तपासणीत बालरोगतज्ज्ञाने ‘घरात बंदूक आहे काय, असल्यास कुलपात असते काय’ असे विचारले, तेव्हा त्या चकित झाल्या होत्या. तेथे बालरोगतज्ज्ञ हा प्रश्न विचारतात, आणि त्यास कारणही तसेच आहे : २०२० पासून तेथे १ ते १९ वयोगटातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण बंदुकीची गोळी हे ठरले आहे. घरात बंदूक नसणे सर्वांत चांगले. असल्यास ती रिकामी व कुलूपबंद, आणि गोळ्या वेगळ्या कुलपात, असा तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. अनाथ वा संकटातील मुले काही काळासाठी ज्या कुटुंबांत ठेवली जातात, त्या कुटुंबांवर अनेक राज्यांनी असेच नियम घातले आहेत. घटस्फोटितांच्या मुलांबाबत न्यायालयापुढे जे करार होतात, त्यांतही ‘मूल घरी असताना शस्त्र कुलपात राहील’ अशी अट घालता येते.

परंतु प्रश्न विचारण्यावरून तेथेही रण माजले होते. फ्लोरिडा राज्याने २०११ साली डॉक्टरांना रुग्णांकडे बंदुकीची चौकशी करण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. डॉक्टर न्यायालयात गेले आणि २०१७ साली अपील न्यायालयाने त्यातील चौकशीबंदीचा भाग रद्द केला. गंमत अशी की १९८९ साली मुलांच्या हाती बंदूक लागू देणाऱ्या प्रौढास जबाबदार धरणारा तेथील पहिला कायदा याच फ्लोरिडाने केला होता. प्रश्न विचारणे म्हणजे आरोप करणे, असे लोकांना वाटू लागले की काय होते, याचे हे उदाहरण आमच्या चर्चेत फार उपयोगी पडले.

आता आपल्या कायद्याकडे वळू. मुलाचा ताबा कोणाकडे द्यावा हे ठरवताना मुलाचे हित सर्वोपरी, हे तत्त्व हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम १३ मध्ये आहे. त्याही आधीच्या १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाचे कलम १७ मुलाचे वय, पालक होऊ इच्छिणाऱ्याचे चारित्र्य व पात्रता, नात्याची जवळीक आणि मूल समजत्या वयाचे असल्यास त्याची स्वतःची इच्छा, या गोष्टी पाहण्यास सांगते. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, असेही १९५६ चा कायदा म्हणतो. यांपैकी कोठेही बंदूक हा शब्द नाही. ती या विचारात शिरते ती ‘पात्रता’ या शब्दातून. मुलाला सुरक्षित ठेवण्याची पात्रता.

येथे दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते. घरात परवान्याची बंदूक आहे एवढ्यावरून पालक अपात्र ठरू लागले, तर आपल्या जिल्ह्यातील किती शेतकरी कुटुंबांना मुले सांभाळता येतील याचा विचार करावा. उलट, घर खानदानी आणि माणसे चांगली एवढ्यावरून बंदुकीच्या जागेची चौकशीच न करणे, ही आमच्याकडून झालेली चूक. आमच्या अल्पमतीप्रमाणे पाहावयाचे ते एवढेच की आज ती बंदूक रिकामी आहे काय, दारू व टोप्या निराळ्या कुलपात आहेत काय, आणि किल्ली कोणाकडे आहे. याची उत्तरे एका दिवसात सुधारता येतात. माणसाचे चारित्र्य एका दिवसात सुधारत नाही; म्हणूनच वाद चारित्र्यावर नेण्यापेक्षा कुलपावर ठेवणे मुलाच्या अधिक हिताचे आहे.

मात्र एक प्रकार अगदी वेगळा आहे आणि त्यास कुलूप हे उत्तर नव्हे. बंदुकीचा धाक दाखवून ज्या घरात बाईला वा मुलाला गप्प बसवले जाते, तेथे किल्ली धाक दाखवणाऱ्याच्याच कमरेला असते. अशा वेळी कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ उपयोगी पडतो. त्याच्या कलम २१ नुसार दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात आणि भेटी मुलास अपायकारक वाटल्यास त्या नाकारूही शकतात. दंडाधिकाऱ्यांनी आदेश दिल्यास हिंसाचारात वापरलेले शस्त्र संरक्षण अधिकारी जप्त करू शकतो. बंदुकीच्या हक्काबद्दल अतिशय हळवा असलेला अमेरिकेसारखा देशही या बाबतीत ठाम राहिला. जोडीदाराला वा मुलाला धोका असल्याचे ठरवून न्यायालयाने ज्याच्याविरुद्ध संरक्षण आदेश दिला आहे, त्याने बंदूक बाळगू नये, हा १९९४ चा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये ८ विरुद्ध १ मतांनी उचलून धरला.

जेथे पालकांपैकी कोणाकडेच मूल सुरक्षित नाही असे वाटते, तेथे रुग्णालयास स्वतः निर्णय घेण्याचा अधिकार नाही. १०९८ या क्रमांकावर वा पोलिसांस कळवणे आणि बाल कल्याण समितीपुढे प्रश्न जाऊ देणे, एवढेच आमच्या हाती असते. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे समिती सामाजिक चौकशी करवून घेते आणि तिचे काम सर्वसाधारणपणे चार महिन्यांत पुरे व्हावे अशी अपेक्षा आहे. समितीकडे गेले म्हणजे मूल कायमचे गेले, ही समजूत चुकीची आहे. शक्य तेथे मूल आपल्याच कुटुंबात परत जावे, हे त्या कायद्याचे तत्त्व आहे.

विश्वस्त मंडळाने दोन बैठकांत या विषयाचा खल केला. ‘आपण रुग्णालय चालवतो, ठाणे नव्हे,’ असे एका ज्येष्ठ विश्वस्तांचे मत होते, आणि त्यात तथ्य होते. आपले उत्तर पुढे कोर्टात जाईल या भयाने लोक बंदूक लपवतील, ‘शेजाऱ्याची होती’ म्हणतील, कदाचित मुलाला आणण्यासही उशीर करतील. तसे झाल्यास जखमेपेक्षा प्रश्न महाग पडायचा. दुसऱ्या बाजूस बालरोग विभागाचे म्हणणे होते की न विचारण्याची किंमत आपण एकदा पाहिली आहे. अखेरीस ठरले ते असे. शस्त्र, कीटकनाशक, रॉकेल यांपैकी कशानेही इजा झालेल्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत, घर गरिबाचे असो वा प्रतिष्ठिताचे, तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारावयाचे. आधी सांगावयाचे की ही नोंद केसपेपराचा भाग राहील आणि न्यायालयाने मागितल्यास द्यावी लागेल. उत्तर देणाऱ्याचे नाते, तारीख, वेळ लिहावयाची आणि उत्तर त्याच्याच शब्दांत उतरवावयाचे. आपला निष्कर्ष लिहावयाचा नाही. आईस धाकाविषयीचा प्रश्न एकांतात विचारावयाचा. सर्वांना समानच विचारले जाते हे कळल्यावर लोक मोकळेपणी बोलतात, असा समाजसेवा विभागाचा आजवरचा अनुभव आहे. तरी काहीजण लपवत असतीलच, हे आम्ही गृहीत धरतो.

बिलाच्या खिडकीवरची पद्धतही बदलली आहे. बिल कोणी भरले याचा आणि मूल कोणाच्या स्वाधीन केले याचा आता परस्परसंबंध राहिलेला नाही. पालकांत वाद असल्यास समाजसेविकेची सही झाल्याशिवाय मुलास सोडण्याचा कागद निघत नाही. न्यायालयाचा आदेश असेल तर त्याची प्रत घेतली जाते, नसेल तर दोघांनाही एकत्र बसवून मूल कोठे राहणार आणि तेथील धोक्याची वस्तू कोठे हलवली, हे लिहून घेतले जाते. यात रुग्णालयाचा अर्धा दिवस जातो आणि कधी कधी खाटही अडून राहते. लेखापरीक्षकांनी त्याबद्दल विचारणा केली होती. आम्ही कारण लिहून दिले.

घरातील तंटा मिटेपर्यंत बंदूक घराबाहेर ठेवणे ज्यांना शक्य आहे त्यांनी ते अवश्य करावे. निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याची आपल्याकडील परवानाधारकांना सवय आहेच, जरी ऐन हंगामात ती जमा करावी लागली की ते कुरकुर करतात. सुरक्षित ठेवीसाठी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे चौकशी करावी आणि पोच घ्यावी. ती पोच ताब्याच्या दाव्यात शंभर शपथांपेक्षा अधिक बोलते, असे आमच्या कायदा सल्लागारांचे म्हणणे आहे.

एका दात्याने दारू, टोप्या व काडतुसे ठेवण्यासाठी कुलपाच्या छोट्या लोखंडी पेट्यांचा खर्च देऊ केला आहे. त्या समाजसेवा विभागातून विनामूल्य मिळतात. परवान्याची प्रत दाखवावी लागत नाही, नावही विचारले जात नाही. ज्या कुटुंबांना केसपेपराची प्रत हवी असेल त्यांनी नोंदणी कक्षात लेखी अर्ज द्यावा. नियमानुसार ती ७२ तासांच्या आत मिळते. आई आणि वडील दोघांनी अर्ज केल्यास दोघांनाही एकच, अक्षरशः सारखी प्रत दिली जाते.